मुंबईसाठी बाबागाडी घेताना

दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कुठलीही बाबागाडी छान पळते. खरी परीक्षा पेव्हर ब्लॉकवर. आपल्या फुटपाथवर ते उचकटलेले असतात, मधेच एखादं झाकण वर आलेलं असतं, आणि इवली प्लास्टिकची दुहेरी चाकं नेमकी त्या फटीत अडकतात. म्हणून चाकं मोठी, रबरी आणि पुढची सरळ दिशेत लॉक होणारी बघा. फार रुंद गाडीही नको; फेरीवाले आणि उभ्या स्कूटर यांच्यामधून ती निघायला हवी.

त्याहून महत्त्वाचं वजन. जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, रेल्वेच्या पुलाला जिने असतात. ६-७ किलोची, एका हातानं मिटणारी गाडी घ्या. दुकानातच बाळाला कडेवर घेऊन ती मिटून, उचलून पाहा. लाजू नका. तरी गर्दीच्या लोकलला मी गाडी नेणार नाही. तिथे बाळाला अंगाशी बांधायची झोळीच बरी.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर पाठ जवळजवळ आडवी होणारी हवी. पट्टा पाच ठिकाणी अडकणारा.

आपल्या दमट हवेत जाळीदार पाठ आणि काढून धुता येणारं कापड लागतंच. पावसाळ्यात ओली गाडी मिटून ठेवली की बुरशी धरते, तेव्हा पंख्याखाली उघडीच वाळवा. आणि एक कळकळीची विनंती: उन्हासाठी गाडीवर ओढणी पांघरू नका. आत हवा कोंडते, बाळ तापतं.