खाडीतून काढलेलं पोतं पुढे जातं कुठे?

ठाणे खाडीवर स्वयंसेवक म्हणून यायचंय आणि जमलं तर पुढे याच क्षेत्रात काम करायचंय, असं विचारणारी मुलं-मुली सप्टेंबरात वाढतात. महिन्याचा तिसरा शनिवार आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनाचा, त्यामुळे कॉलेजांत पोस्टरं लागतात. एनएसएसवाल्यांना, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलांना, वर्षाचे १२० तासही भरायचे असतात. तासांसाठी आलात म्हणून मी नाक मुरडणार नाही. तासांसाठी आलेल्यांतलेच काही टिकतात. ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड’ म्हणणारे बरेचदा दुसऱ्या रविवारी दिसत नाहीत.

मी ऐरोलीत राहते. पगार अजूनही दुसऱ्याच नोकरीतून येतो आणि ‘रविवारी तरी घरी थांब’ हे अजूनही ऐकावं लागतं. त्यामुळे या वाटेनं करिअर कसं घडवावं असं शिकवण्याचा अधिकार मला नाही. पण कांदळवनातला कचरा आणि सोसायटीतला सुका कचरा ही दोन्ही कामं मी बरीच वर्षं शेजारी शेजारी केलीत, आणि या दोन्हीत नवा माणूस नेमका कुठे रुततो ते मला माहीत आहे. तिवर आणि चिपी या कांदळवनातल्या झाडांतला फरक, ओला-सुका वेगळा का ठेवायचा, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी जागा कोणाची ते शोधा. खाडीकाठी एकाच चिखलात उभं राहून तुम्ही तीन-चार खात्यांच्या हद्दीत असू शकता. खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, साधारण १७ चौरस किलोमीटरचा, आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेला. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग हातात झाडू असो की दुर्बीण. काठावरची बरीच कांदळवनं राखीव वन आहेत आणि ती वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे येतात. मधले काही तुकडे सिडकोचे, काही खाजगी. कचरा उचलण्याची जबाबदारी मात्र महापालिकेची, आणि तिची गाडी डांबरी रस्ता संपतो तिथे थांबते. वनरक्षकाला भेटून, लेखी अर्ज देऊन, त्याची पोच घेऊन मगच माणसं गोळा करा. कंटाळवाणं वाटेल, पण हे टाळून चालणार नाही.

आता मुख्य गोष्ट. ही मी लांबवून सांगणार आहे, कारण आमचा गट यातच अडकला होता आणि दर वर्षी एखादा नवा गट त्याच खड्ड्यात जातो.

कांदळवनात सफाई करताना सगळ्यांचं लक्ष कचरा बाहेर काढण्याकडे असतं. चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांत गुंतलेल्या पिशव्या, थर्मोकोल, चपला, निर्माल्य, डायपर, फाटकी जाळी, सगळं पोत्यांत भरलं जातं. बांधावर पोत्यांची रांग लागते, फोटो निघतो, वडापाव होतो, माणसं घरी जातात. पोती तिथेच राहतात. ‘गाडी येणार आहे’ असं कोणीतरी कोणाला तरी फोनवर म्हणालेलं असतं. आम्हालाही असाच शब्द मिळाला होता. ज्यांनी दिला त्यांच्या मते ती जागा त्यांच्या हद्दीत नव्हती, आणि हे त्यांना त्या दिवशी दुपारी आठवलं. संध्याकाळी तिथून जाणारे एक मासेमार दादा मला एवढंच म्हणाले, ‘बाय, पानी हितवर येतं.’ दुसऱ्या दिवशी बांधावर निम्मीच पोती होती. बाकीची फुटून, सुटून, जिथून काढली त्याच्याही आत जाऊन बसली होती. एकदा पोत्यात भरलेला कचरा तुकड्यांनी परत चिखलात गेला की तो वेचणं पहिल्यापेक्षा अवघड. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं कांदळवनात कचरा आणि राडारोडा टाकायला मनाई आहे. सफाईनंतर पोती तिथेच सोडून दिली तर कागदावर आपणही तेच केलेलं असतं.

म्हणून माणसं, हातमोजे, बॅनर या सगळ्याच्या आधी पोत्याचा पुढचा प्रवास ठरवा. कोण उचलणार, कुठल्या गाडीतून, किती वाजता, बांधापासून रस्त्यापर्यंत पोती वाहून कोण नेणार, गाडी आली नाही तर रात्रभर ती भरतीच्या रेषेच्या वर कुठे ठेवणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल तर कार्यक्रम पुढे ढकला. खरंच ढकला. कचरा पुढच्या पंधरवड्यातही तिथेच असणार आहे.

हे ठरवायचं असेल तर वॉर्डाच्या हजेरी शेडवर, जिथे सफाई कामगारांची हजेरी लागते तिथे, सकाळी सहाला जाऊन त्यांच्या मुकादमांना भेटा. मोठ्या साहेबाच्या पत्रापेक्षा मुकादमाचा होकार जास्त कामाचा असतो, असं माझं ठाम मत आहे. कुठली गाडी कधी रिकामी असते, कुठला ड्रायव्हर कच्च्या रस्त्यावर गाडी घालतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. पत्रही घ्याच. पण पत्र फायलीत राहतं आणि गाडी मुकादम पाठवतात.

भरतीचं गणित याच खड्ड्याचा दुसरा भाग आहे. मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, पण ते सहसा मुंबईच्या अपोलो बंदरचं असतं आणि खाडीच्या आतल्या टोकाला पाणी त्याहून उशिरा चढतं. जुना हिशेब अजून चालतो: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. याचा उपयोग असा, की षष्ठी ते अष्टमीच्या आसपासचा रविवार सफाईला बरा. भरती पहाटे होऊन गेलेली असते, सकाळभर पाणी उतरत असतं, आणि भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती असल्यानं पाणी फार वरही येत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उलट. सकाळी सातला चिखल उघडा दिसतो म्हणून उतराल, आणि दहापर्यंत पाणी घोट्याशी येईल. उधाणाची मोठी भरती बरेचदा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते, साडेचार मीटरच्याही वर. पोती बांधावर ठेवून ‘उद्या बघू’ म्हणायला हा सगळ्यात वाईट दिवस.

आणि गाडी आली तरी पोत्यातल्याचं पुढे काय होतं? ‘आपण एवढं प्लास्टिक रिसायकल केलं’ असं कोणी म्हणालं की मी विचारते, कोणी घेतलं? चिखलानं माखलेली पातळ पिशवी भंगारवाला घेत नाही. धुवायचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त. वेफरच्या पाकिटाला थरांचं प्लास्टिक आणि चकचकीत मुलामा असतो, तो वेगळा करता येत नाही. फार तर ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं, तेही कोणी गोळा करून पाठवलं तर. थर्मोकोल जागा खातो, वजन काहीच नाही, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. खाडीतल्या पोत्यातून विकता येण्यासारख्या निघतात त्या पाण्याच्या बाटल्या, जाड प्लास्टिकचे डबे, थोडा पत्रा. बाकीचं बहुतेक डम्पिंगलाच जातं. हे ऐकून नवी मुलं खट्टू होतात. होऊ नका. श्वसनमुळं प्लास्टिकखाली दबली तर झाडाला चिखलातून हवा मिळत नाही, ती मोकळी करणं हेच त्या दिवशीचं काम. पुनर्वापराचं श्रेय त्याला चिकटवू नका म्हणजे झालं.

वजनाच्या आकड्यांचंही तसंच. ओला चिखल, भिजलेले कपडे आणि डायपर यांनी किलो वाढतात. टनांचे आकडे मिरवणाऱ्या मोहिमांकडे मी संशयानं बघते, विशेषतः जिथे शंभर जणांना शंभर नव्या टोप्या आणि प्लास्टिकच्या शंभर बाटल्या वाटलेल्या असतात. तुम्ही पोती मोजा आणि प्रकार लिहा. बाटल्या किती पोती, कपडे किती, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी काय जास्त. अशी वही वर्षभर भरली तर नाल्यावर जाळी कुठे हवी हे महापालिकेला दाखवता येतं.

खरा पुनर्वापर कोरड्या जागी होतो, म्हणजे तुमच्या सोसायटीत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर कचरा वेगळा करण्याची आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली होती, हे सेक्रेटरी काकांना शांतपणे दाखवा. भांडू नका, पुढची पाच वर्षं त्यांच्याशीच गाठ आहे. दूधपिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, लोंबता ठेवा. तो इवलासा तुकडा कोणी वेचत नाही आणि पावसाळ्यात तोच नाल्यातून खाडीत येतो. पिशवी विसळून वाळवली की तिला भाव आहे. इथेही खड्डा तोच. घेणारा ठरायच्या आधी गोळा करायला सुरुवात केली की जिन्याखाली ढीग लागतो, झुरळं होतात, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत तुमचं नाव निघतं. आधी भंगारवाल्याला किंवा कचरावेचक ताईंना विचारा, त्या काय घेतात, कुठल्या वारी येतात. त्या घेतील तेवढंच गोळा करा. आणि आलेले पैसे त्यांचेच राहू द्या. सोसायटीच्या पिकनिकसाठी ते कापणारी माणसं मला आवडत नाहीत, मग ती कितीही हिरवी बोलोत.

पाणथळींवर देखरेख ठेवण्याच्या कामात तर नव्यांना सरळ इशारा देते. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हिवाळ्यापासून मेपर्यंत असतात, ओहोटीला उघड्या चिखलावर चरतात आणि भरतीला नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळींवर येऊन थांबतात. त्यांच्या जवळ जाऊन उडवून फोटो काढणारा कितीही ज्ञानी असला तरी त्याला गुरू करू नका. मला पाणथळ म्हणजे काय ते शिकवलं भरतीचं पाणी तलावात शिरणारी वाट दाखवणाऱ्या माणसानं. ती वाट बुजली की पाणी साचून कुजतं किंवा आटतं, आणि पक्षी मोजायला उरत नाहीत. म्हणून दर भेटीत त्या वाटेचा, त्याच जागेवरून, तारखेसह फोटो काढा. राडारोडा पडताना दिसला तर ट्रकवाल्याशी वाद घालायला एकट्यानं पुढे जाऊ नका. लांबून ठिकाणासह फोटो घ्या आणि कांदळवन कक्ष, महापालिका, दोघांकडे लेखी तक्रार द्या. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालची पाणथळ तक्रार समितीही आहे. उत्तर यायला वेळ लागतो. मला त्या वेळाचा अजूनही राग येतो.

रोपं लावण्याच्या कार्यक्रमांपासून मात्र जपून. उघडा चिखल रिकामा दिसतो, पण ते पक्ष्यांचं ताट आहे. तिथे हौसेनं तिवर लावायचं काही कारण नाही. कांदळ कुठे लावायचं हे वनखातं ठरवेल.

ठाण्याजवळच्या येऊरला सफाईला जाणाऱ्यांसाठी थोडंसंच. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्या आहे, आणि पाड्यांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ‘गावकऱ्यांना जागृत करू’ असं म्हणत पाड्यावर जाऊ नका. दारूच्या बाटल्या शहरातून वर येतात. अख्खी बाटली भंगारात चालते, फुटलेली कोणी घेत नाही, आणि काच उचलायला सर्जिकल हातमोजे कुचकामी. जाड रबरी घ्या, गमबूट घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोची भीती खरी आहे.

करिअरचं विचाराल तर, पक्ष्यांच्या बाजूला गर्दी आहे. बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) अभ्यासक्रम चांगले आहेत, जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेला जरूर जा, ऐरोलीचं सागरी जैवविविधता केंद्र बघा. पण पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झालेल्या दहा जणांपैकी नऊ पक्ष्यांकडे बघत असतात, आणि सुका कचरा केंद्र चालवायला, प्लास्टिकचे प्रकार हातानं ओळखायला, कचरावेचकांशी माणसासारखं बोलायला माणूस मिळत नाही. एक पीईटी, दोन एचडीपीई, पाच पीपी, हे प्लास्टिकवर छापलेले प्रकारांचे आकडे न बघता, फक्त चुरगाळून आवाजावरून ओळखता आलं की तुम्ही बऱ्याच पदवीधरांच्या पुढे आहात. हे भंगाराच्या दुकानात महिनाभर संध्याकाळी बसलात तर येतं, फुकट. चहा मात्र तुम्ही पाजा.

सहभागाच्या प्रमाणपत्रांची फाइल मुलाखतीत कोणी उघडत नाही. आमच्यातल्या एकीला कचरा व्यवस्थापनात काम मिळालं तेव्हा तिनं नालानिहाय पोत्यांची वही पुढे केली होती, आणि तिला विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘ही पोती मग उचलली कोणी?’ तिच्याकडे गाडीचा नंबर, वेळ आणि डेपोची पावती होती.