शिकून परदेशात पीआर घ्यायची? आधी गाव ठरवा, मग कॉलेज

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, कुठल्याही परदेशी शिक्षणाच्या ऑफिसात जा, पहिला प्रश्न ठरलेला: "कुठला देश?" हा प्रश्न अर्धाच आहे. कायम राहण्याची परवानगी, म्हणजे पीआर, देतो देश. पण ती तुम्हाला मिळेल की नाही, हे बऱ्याचदा तिथला प्रांत, शहर आणि नोकरी देणारा मालक ठरवतात. शिकून तिथेच राहायचं मनात असेल, तर राहायची जागा आधी पक्की करा आणि तिथलं कॉलेज शोधा. डिग्री हातात आल्यावर "आता पीआर कुठून लावू?" म्हणत धावपळ करणाऱ्याचे अर्धे रस्ते तोवर बंद झालेले असतात.

पायरी १: घरातला हिशेब

देशांची तुलना करायच्या आधी आईवडिलांसोबत बसून एकच गोष्ट स्पष्ट बोला: पुढच्या दहा वर्षांत तुम्ही गावी किती काळ असणं गरजेचं आहे? गणपतीला पंधरा दिवस येणं वेगळं. वडिलांचं ऑपरेशन झालं म्हणून मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत बाग सांभाळायला येऊन राहणं वेगळं; त्यात सहा महिने सहज जातात.

हे विचारायचं कारण, पीआर एकदा मिळाली की कायमची राहते असं नाही. जर्मनीची कायम निवासाची परवानगी, आधी मुदत मागून घेतली नसेल तर, साधारणपणे सहा महिने देशाबाहेर राहिल्यावर संपते. म्हणजे आंब्याचा एक हंगाम! ब्रिटनची सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यावर जाते. कॅनडा पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहिल्याचा हिशेब मागतो, पण ते दिवस सुटे सुटे चालतात. ऑस्ट्रेलियात पहिली पाच वर्षं ये-जा मोकळी असते, पुढे परतीचा व्हिसा काढावा लागतो आणि तो सरळ मिळायला मागच्या पाचांपैकी दोन वर्षं तिथे काढलेली असावी लागतात.

आईवडिलांना तिकडे नेण्याचंही असंच. कॅनडाच्या सुपर व्हिसावर ते एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहू शकतात. मुलाचं ठरावीक उत्पन्न आणि त्यांचा आरोग्य विमा मात्र लागतो. ब्रिटनमध्ये आईवडिलांना कायमचं नेणं जवळपास अशक्य. घरात एकुलतं एक मूल असेल तर हा मुद्दा पगाराच्याही वर ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. (वडील बाग सोडून येतील का, हा प्रश्न कुठल्याच दूतावासाच्या हातात नाही.)

पायरी २: शिक्षणानंतर वेळ किती मिळतो ते बघा

डिग्रीनंतर नोकरी शोधायला किती मुदत आहे आणि तो काळ पीआरसाठी धरला जातो का, हे दोन प्रश्न प्रत्येक देशाला विचारा. कॅनडात शिक्षण संपल्यावरचं वर्क परमिट तीन वर्षांपर्यंत मिळतं आणि त्यावर केलेलं एक वर्षाचं कुशल काम एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पीआर देणाऱ्या तिथल्या योजनेत, उपयोगी पडतं. जर्मनी नोकरी शोधायला १८ महिने देते. तिथल्याच विद्यापीठाची पदवी, पदवीला साजेशी दोन वर्षांची नोकरी, २४ महिन्यांची पेन्शनची वर्गणी आणि बी-१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन एवढं असेल तर कायम परवाना मागता येतो. एवढ्या लवकर कायमचं होऊ देणारे देश थोडेच. पण खरं घोडं पेंड खातं ते भाषेपाशी. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी घरमालक, डॉक्टर आणि नगरपालिका इंग्रजीत बोलतीलच असं नाही.

ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिन्यांचा मिळेल. शिवाय नोकरीच्या व्हिसावरून कायम होण्यासाठी जी वर्षं मोजतात, त्यात हा काळ धरत नाहीत.

अमेरिकेबद्दल थोडक्यात: शिकायला, कमवायला जरूर जा, पण लवकर पीआर मिळेल म्हणून जाऊ नका. नोकरीच्या ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात आणि जन्म कुठल्या देशात झाला ते बघतात. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळेच इतकी लांब आहे.

कॅनडाच्या बाबतीत एका ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघा. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम परवान्यावर चालवणाऱ्या खासगी कॉलेजात १५ मे २०२४ पासून प्रवेश घेतलेल्यांना वर्क परमिट मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजच्या डिप्लोमासाठी ठरावीक विषयांची यादीही लागू झाली आहे. एजंटचं कमिशन कॉलेजकडून येतं, म्हणून ही गोष्ट तो आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका. कोर्सचं नाव घेऊन कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर स्वतः तपासा.

पायरी ३: गुण मांडून गाव निवडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून उदाहरण सविस्तर मांडतो. समजा, रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतलेली, अविवाहित मुलगी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यात होबार्टला दोन वर्षांची मास्टर्स करते आणि सत्ताविसाव्या वर्षी अर्ज भरते. ऑस्ट्रेलिया व्हिसासाठी गुण मोजतो, ते असे: वय २५ ते ३२ मध्ये म्हणून ३०, पदवीचे १५, इंग्रजीच्या आयेल्ट्स परीक्षेत प्रत्येक विभागात ७ असेल तर १०, ऑस्ट्रेलियात शिकल्याचे ५, प्रादेशिक भागात शिकल्याचे ५, जोडीदार नसल्याचे १०. झाले ७५. शिवाय सामुदायिक भाषेची परीक्षा मराठीतून देता येते, तिचे ५ मिळून ८०. राज्याने ४९१ व्हिसासाठी (प्रादेशिक भागात राहण्याचा तात्पुरता व्हिसा) नाव सुचवलं की आणखी १५, म्हणजे ९५. हीच मुलगी सिडनीत शिकली तर प्रादेशिक शिक्षणाचे ५ गेलेच. वर ४९१ साठी मुळात प्रादेशिक भागातच राहून काम करावं लागतं, आणि सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन त्यात बसत नाहीत. पर्थ, अ‍ॅडलेड, होबार्ट बसतात. ४९१ वर तीन वर्षं काढली की कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो.

किमान ६५ गुण हे नुसतं रांगेत उभं राहण्यापुरते. बोलावणं बहुतेक वेळा त्याच्या बऱ्याच वर येतं. आणि गुण कितीही असोत, तुमचा व्यवसाय त्यांच्या यादीत हवा आणि त्याचं कौशल्य मूल्यांकन व्हायला हवं. म्हणून यादी आधी उघडा.

मराठीच्या परीक्षेत दोन संवादांचं इकडून तिकडे तोंडी भाषांतर करायचं असतं. ९० पैकी ६३ हवेत आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९. आपल्याकडे घरात मालवणी नाहीतर संगमेश्वरी, त्यामुळे जामीन, विमा दावा, भाडेकरार असले शब्द ऐन वेळी जिभेवर येत नाहीत. सराव करूनच बसा.

कॅनडात याच धर्तीवर अटलांटिक किनाऱ्याचे चार प्रांत बघा: नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक, प्रिन्स एडवर्ड आयलंड, न्यूफाउंडलंड. तिथल्या मान्य संस्थेतून दोन वर्षांचं शिक्षण घेतलेल्याला अटलांटिक योजनेत कामाच्या अनुभवाची अट माफ असते. नोकरी मात्र योजनेत नोंदवलेल्या मालकाकडची हवी. न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या मेमोरियल विद्यापीठाची मरीन इन्स्टिट्यूट मासेमारी आणि मत्स्यपालनही शिकवते, हे मत्स्य शाखेच्या मुलांनी लक्षात ठेवावं. इतर प्रांतही पीआरसाठी नाव सुचवतात, त्याला नामांकन म्हणतात. ते मिळालं की एक्स्प्रेस एंट्रीत ६०० गुण वाढतात. जागा मात्र दर वर्षी मोजक्याच. एक्स्प्रेस एंट्रीत वयाचे पूर्ण गुण २० ते २९ पर्यंतच, पुढे ते उतरत जातात. तिशीजवळच्या माणसाने अजून एक वर्ष विचारात घालवू नये.

पायरी ४: गाव राहण्याजोगं आहे का?

पूर्वी मुंबईला जाणारा कोकणी माणूस गिरगाव-लालबागच्या गावकऱ्यांच्या खोलीत उतरायचा, म्हणून त्याच गावचे सगळे तिथेच जमले. कॅनडात टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला आज तसंच चाललंय. सोबत मिळते हे खरं, पण एकाच कामासाठी शेकडो अर्जही तिथेच येतात. त्यामुळे सोबत शोधा, पण कामाच्या गावातली. ज्या गावाचा विचार आहे तिथल्या नोकरीच्या जाहिराती महिनाभर रोज बघा, तुमच्या विषयाच्या किती निघतात ते वहीत टिपा. दोन-चार निघाल्या तर गुणांची बेरीज कितीही सुंदर असली तरी ते गाव सोडा. खोलीचं भाडं, हिवाळ्यातली बस आणि तिथे शिकणारा एखादा मराठी मुलगा फोनवर काय सांगतो, हेही बघा. घरी फोन करायची वेळसुद्धा: पर्थ आपल्यापुढे अडीच तास, तर सेंट जॉन्स हिवाळ्यात नऊ तास मागे.

पायरी ५: पैसा आणि सातबारा

जर्मनीला बंद खात्यात (ज्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. कॅनडा एकट्या विद्यार्थ्याकडून फी आणि प्रवासखर्चाशिवाय २२,८९५ कॅनेडियन डॉलर मागतो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमी योजनेत तारण लागत नाही. त्यापुढे सरकारी बँका सहसा तारण मागतात आणि तिथे आपला सातबारा अडतो. आजोबांचं नाव अजून तसंच, खाली अकरा हिस्सेदार, त्यातले तीन मुंबईत आणि एकाचा पत्ताच नाही! शिवाय शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा नाखूष असतात. घर किंवा बिनशेती प्लॉट असेल तर त्याचे कागद वर्षभर आधी सरळ करायला घ्या.

वारस नोंद आणि वाटणीही जाण्याआधीच उरका. पीआर घेतली तरी पासपोर्ट भारताचाच राहतो, पण परकीय चलनाच्या कायद्यात तुम्ही अनिवासी ठरता. अनिवासी भारतीयाला शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही. वारशाने मात्र मिळते. तिकडे गेल्यावर काकांचा हिस्सा विकत घेऊ, असा बेत असेल तर तो तेव्हा जमणार नाही. पुढे नागरिकत्व घेतलं तर भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावरही हीच बंदी असते.

पायरी ६: कागद इथूनच न्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) तिकडून काढायचं. जाण्यापूर्वी सीलबंद प्रती जास्तीच्या काढून ठेवा. कॅनडातून ते काम करायला घरच्या माणसाला मुंबईच्या खेपा घालाव्या लागतात. ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नाव नसेल तर ते आधी चढवून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं, पासपोर्टवरचं आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघा, वडिलांच्या नावासकट.