एरंडेलापासून शरीरात जिरणारं रबर: लॅबमध्ये पीजीएस कसं बनवायचं

वनस्पतींपासून मिळणारे मोनोमर, म्हणजे जे जोडून प्लास्टिक बनतं ते छोटे रेणू, म्हटलं की बहुतेक जण थेट लॅक्टिक अ‍ॅसिड आणि त्यापासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकवर जातात, पण पीएलए कडक, जरा वाकवलं की तडकतं, त्यामुळे रक्तवाहिनीसारख्या सतत ताणल्या जाणाऱ्या जागी त्याचा उपयोग कमीच. अशा जागांसाठी मला पीजीएस म्हणजे पॉलीग्लिसरॉल सेबॅकेट फार आवडतं. २००२ मध्ये रॉबर्ट लँगर यांच्या एमआयटीतल्या ग्रुपने हे दाखवलं, आणि मऊ रबरासारखं ताणून परत जागेवर येणारं हे मटेरियल उंदरांच्या शरीरात साधारण ६० दिवसांत जिरून गेलं.

कच्चा माल फक्त दोनच. ग्लिसरॉल, जे तेलाचा साबण किंवा बायोडिझेल करताना सुटतं, आणि सेबॅसिक अ‍ॅसिड, जे एरंडेलातून येतं. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक अ‍ॅसिड असतं, ते कॉस्टिक सोड्यासोबत जोरात तापवलं की साखळी तुटते आणि १० कार्बनचं सेबॅसिक मिळतं. एक मात्र बघा, ग्लिसरॉल चरबीपासूनही बनतं, म्हणून घेताना सर्टिफिकेटवर वनस्पतीजन्य लिहिलंय का ते वाचूनच घ्या.

आता वजन. दोन्हींचं मोल प्रमाण १:१, म्हणजे ०.१ मोलसाठी ग्लिसरॉल ९.२ ग्रॅम आणि सेबॅसिक २०.२ ग्रॅम. इथेच बऱ्याच जणांचं चुकतं, कारण ग्लिसरॉल हवेतलं पाणी ओढतं, बाटली उघडी राहिली की तुम्ही ९.२ ग्रॅम म्हणून जे मोजता त्यात थोडं पाणीच असतं आणि सगळं प्रमाण बिघडतं. म्हणून आधी व्हॅक्यूममध्ये सुकवा, मगच वजन करा.

फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), नायट्रोजन सोडत, १२० अंश सेल्सियसला २४ तास ढवळत ठेवा. सुरुवातीला पांढरा गढूळ लगदा दिसेल, घाबरू नका, सेबॅसिक १३० अंशांच्या वर वितळतं पण ग्लिसरॉलशी रिअ‍ॅक्शन होत होत हळूहळू सगळं पारदर्शक होतं. फ्लास्कच्या मानेवर पाण्याचे थेंब जमायला लागले की समजा एस्टर, म्हणजे अ‍ॅसिड आणि ग्लिसरॉलची जोडणी, बनतोय, ते पाणी नायट्रोजनसोबत बाहेर जाऊ द्या, परत आत पडलं की रिअ‍ॅक्शन मागे रेटते.

मग व्हॅक्यूम, आणि तो अगदी सावकाश. मी पहिल्यांदा घाईत व्हॉल्व्ह एकदम उघडला, आत अडकलेलं पाणी एका क्षणात उकळलं आणि फेस थेट पंपाच्या नळीत गेला, तो साफ करण्यात अख्खा दिवस गेला. दाब टप्प्याटप्प्याने कमी करा, मध्ये कोल्ड ट्रॅप (पंपाआधी वाफ गोठवून अडवणारं थंड भांडं) लावा, काचेला तडा नाही ना हे आधी तपासा.

कुठे थांबायचं हे घड्याळावर सोडू नका, अ‍ॅसिड व्हॅल्यू काढा, म्हणजे एक ग्रॅम नमुन्यातलं अ‍ॅसिड मारायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं ते. थोडा नमुना इथेनॉलमध्ये विरघळवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचा. सुरुवातीच्या मिश्रणाची व्हॅल्यू साधारण ३८१ येते, अर्धं अ‍ॅसिड संपलं की जवळपास २०० वर. हिशोबाने साधारण ८७ टक्के अ‍ॅसिड संपल्यावर जेल होतं (सगळ्या साखळ्या एकमेकींत गुंतून घट्ट जाळं बनतं), तेव्हा व्हॅल्यू ५७ च्या आसपास असते, आणि जेल फ्लास्कमध्येच झालं तर ते ना ओतता येतं ना विरघळवता. त्यामुळे १०० च्या बरंच वर असतानाच थांबा. काचेची कांडी बुडवून उचलली की मधासारखी लांब तार आली पाहिजे.

हे प्रीपॉलिमर, म्हणजे अर्धवट जोडलेलं घट्ट द्रव, टेफ्लॉनच्या साच्यात पातळ थरात ओता, जाड थरात पाण्याचे बुडबुडे अडकतात. १२० अंशांना व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ४८ तास ठेवलं की क्रॉसलिंक होऊन, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन, रबर तयार. पेशी वाढवायला सच्छिद्र हवं असेल तर साच्यात आधी बारीक चाळलेलं मीठ भरा, रबर झाल्यावर ते पाण्याने धुवून काढा.

शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि मग पेशी का मेल्या म्हणून विचारत बसतात. न जुळलेलं अ‍ॅसिड आत राहिलं की भोवतीचा पीएच खाली जातो, म्हणून तुकडे इथेनॉलमध्ये बुडवून ते दोनतीनदा बदला, पूर्ण सुकवा, मग पेशींच्या मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) टाकून रंग बघा. लालसर मीडिया पिवळा पडला तर परत धुवा. इतकं झालं तरी ही लॅबची चाचणी आहे, माणसाच्या शरीरात वापरायचं तर आयएसओ १०९९३ (वैद्यकीय साधनं शरीराला सुरक्षित आहेत का हे तपासण्याचं मानक) च्या चाचण्या वेगळ्या कराव्या लागतात.