गोव्यात दुर्बीण सांभाळायची तर: ओल, खारं वारं आणि पंधरा अंशावरचा ध्रुव

दुर्बिणीसोबत जे मॅन्युअल येतं ते थंड देशातल्या माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं असतं. पहिलाच सल्ला असतो की निरीक्षणाआधी तासभर दुर्बीण बाहेर ठेवा, थंड होऊ द्या. आता गोव्यात घरातलं आणि अंगणातलं तापमान असं कितीसं वेगळं असतं? आपला त्रास थंडीचा नाहीच, ओलीचा आहे, खाऱ्या वाऱ्याचा आहे, आणि ध्रुव तारा माडांच्या मागे लपतो त्याचा आहे. त्यामुळे माझ्या मते आपल्याकडे देखभालीचा क्रमच वेगळा लावावा लागतो, आधी साठवण, मग गंज, मग वायरी, मग ध्रुव, आणि कॉलिमेशन (आरसे-भिंगं एका रेषेत जुळवणं) सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, दुर्बीण आली की लगेच लेझर कॉलिमेटर मागवतात आणि जून ते सप्टेंबर तीच दुर्बीण बॅगेत घालून कपाटावर टाकतात.

ती बॅग हाच मोठा घोळ. आतला फोम ओल धरून ठेवतो, पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात, त्यात चिऱ्याची भिंत झिरपत असेल तर विचारूच नका. चतुर्थीच्या सुमारास बॅग उघडली की आयपीसच्या (डोळा लावतो त्या भिंगाच्या) काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात, ती बुरशी. अंधाऱ्या खोलीत काचेच्या एका बाजूने टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा, धुळीचे नुसते ठिपके दिसतात, बुरशीला फांद्या फुटलेल्या असतात. (टॉर्चच्या उजेडात कुठलीही काच भयाण दिसते, त्यामुळे नुसती धूळ दिसली म्हणून पुसायला घेऊ नका.) बुरशी आम्ल सोडते, ते आधी कोटिंग खातं आणि मग काच, म्हणून उशीर झाला तर बुरशी निघते पण डाग राहतो. बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापसाला लावून मधून कडेकडे हलक्या हाताने पुसा, प्रत्येक वेळी नवा बोळा. रिफ्रॅक्टरच्या (पुढे भिंग असलेल्या दुर्बिणीच्या) दोन भिंगांच्या मध्ये गेली असेल तर मात्र स्वतः उघडू नका, त्या भिंगांचं अंतर आणि एकमेकांसमोरची दिशा कारखान्यात जुळवलेली असते, ती फिरली की प्रतिमा गेली.

साठवायला महागडं ड्राय कॅबिनेट असेल तर उत्तमच, नसेल तर तांदूळ ठेवायला घेतो तसला रबरी गॅस्केटचा मोठा प्लास्टिक डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांवर राहिला की निश्चिंत, साठच्या वर चढला की जेल बदला. निळं जेल ओल शोषून गुलाबी होतं, ते मंद आचेवर साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसवर तापवलं की परत निळं होतं, पण त्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका, तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे. नारंगी जेल मिळालं तर तेच घ्या. मोठी नळी डब्यात मावत नाही, तिला दोन्हीकडे घट्ट झाकणं, फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या पुढेमागे होणाऱ्या नळीत) जेलची पुरचुंडी, वर सुती चादर, प्लास्टिक गुंडाळायचं नाही, आणि भिंतीपासून व जमिनीपासून दूर. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती अजून चालते, फक्त तो फिलामेंटचा हवा, एलईडी तापत नाही म्हणून काही उपयोग नाही. आणि पावसाने उघडीप दिली की अधूनमधून सगळं बाहेर काढा, फोकसर फिरवा, माउंटच्या (दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीच्या) मोटरी दहा मिनिटं चालवा. बंद पडून राहिलेली वस्तू गोव्यात जास्त खराब होते.

झाकण न लावता राहिलेल्या नळीचं आणखी एक, कुंभारीण माशी. तिला फोकसरचं भोक म्हणजे आयतं घर, दोन दिवसांत आत चिखलाचा गोळा तयार. पाली आणि मुंग्या वेगळ्याच. आयपीस काढला की तिथे टोपी हवीच, आणि दिवसा दुर्बीण बाहेर असेल तर फाइंडरलासुद्धा (वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला), ऊन आत गेलं तर जाळतं.

आता दव. एसीच्या खोलीतली दुर्बीण थेट अंगणात नेली की भिंग क्षणात धुकटतं कारण आपल्याकडे बाहेरच्या हवेचा दवबिंदू बऱ्याचदा एसीच्या तापमानाइतका किंवा त्याहून वर असतो. म्हणून दुर्बीण एसीत ठेवायचीच नाही, आणि ठेवलीच असेल तर बॅगेत बंद असतानाच बाहेर न्या, अर्धाएक तासाने उघडा. रात्री उघड्या आकाशाखाली काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होत जाते, समुद्रापासून आत सत्तरी-सांगेच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत तर मध्यरात्रीनंतर सगळं ठिबकायला लागतं. पहिल्यांदा फाइंडर आणि आयपीस जातात, मग रिफ्रॅक्टर आणि श्मिट-कॅसेग्रेनचं (भिंग आणि आरसा दोन्ही असलेल्या दुर्बिणीचं) पुढचं भिंग, न्यूटोनियनचा (नुसत्या आरशांच्या दुर्बिणीचा) मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने सगळ्यात शेवटी. जुनी योगा मॅट गोल गुंडाळून भिंगापुढे दवकवच करा, लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे २०० मिमीच्या दुर्बिणीला ३०० मिमी. त्याने भागलं नाही तर १२ व्होल्टची हीटर पट्टी, पण अगदी कमीवर, काच हवेपेक्षा एकदोन अंशच गरम हवी, जास्त तापवली की तारे थरथरतात. दव बसलं तर पुसायचं नाही, लांबून हेअर ड्रायरची मंद हवा द्या. आणि घरी आल्यावर ओल्या भिंगावर झाकण लावणं हा गुन्हा आहे. पंख्याखाली नळी आडवी, उघडी, सकाळी झाकण.

आरसा धुवायचा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर बहुतेक वेळा नको असंच आहे. आरशावरचा अॅल्युमिनियमचा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, थोडीशी धूळ त्याला काही करत नाही, घासणं करतं. पण समुद्रकिनाऱ्यावर वापरली असेल आणि खारट थर बसला असेल, किंवा लाल मातीचा चिकट लेप असेल, तर धुवावाच लागतो कारण मीठ ओल धरतं आणि थर खातं. धुवायच्या आधी आरशाच्या कडेला आणि सेलवर (आरसा बसतो त्या चौकटीवर) मार्करने खूण करा म्हणजे होता तसाच परत बसेल. तळाला मऊ टॉवेल घातलेल्या टबात ठेवा, आधी नळाच्या वाहत्या पाण्याने जितकं निघेल तितकं जाऊ द्या, मग कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचे एकदोन थेंब घालून थोडा वेळ भिजवा, पाण्यातच कापसाचा बोळा त्याच्या स्वतःच्या वजनाने ओढा, बोटाने दाबायचं नाही, एका ओढीनंतर बोळा फेकून द्या. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं मिळतं तेच, आणि आरसा तिरका उभा करून सुकू द्या. राहिलेला थेंब टिश्यूच्या कोपऱ्याने टिपा. काच पुसायचा निळा स्प्रे आरशाच्या जवळपासही आणू नका.

गंजाचं सोपं आहे पण लोक टाळतात. मोरजी-आगोंदच्या किनाऱ्यावर रात्र काढली की दुसऱ्या दिवशी ट्रायपॉडचे पाय, काउंटरवेटचा (तोलाच्या वजनाचा) दांडा, सगळे स्क्रू ओल्या फडक्याने पुसायचे, मग कोरड्याने, मग दांड्याला आणि बोल्टांना शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात. ट्रायपॉडच्या पायात वाळू अडकली असेल तर पाय पूर्ण बाहेर काढून झटका, तशीच सरकवली तर क्लॅम्प जातात. गंज सोडवायचा स्प्रे अडकलेला बोल्ट सोडवायला ठीक, पण तो माउंटच्या आत मारू नका, तो ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः काही दिवसांत उडून जातो.

माउंट अडखळतंय, तारा सोडून जातोय, बटण दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग हलतं, अशा तक्रारींचं मूळ मोटरमध्ये कमी आणि तोलात जास्त असतं. दोन्ही क्लच सोडून नळी आडवी धरा, सोडल्यावर ती जिथल्या तिथे राहिली पाहिजे, आरए (पूर्व-पश्चिम) आणि डेक (उत्तर-दक्षिण) दोन्ही अक्षांत, आणि जो आयपीस किंवा कॅमेरा लावणार तो लावूनच. मग ट्रॅकिंग करताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा म्हणजे गिअर एकाच बाजूला टेकून राहतात. तरी बॅकलॅश (गिअरमधली ढिलाई) असेल तर वर्म (मळसूत्री दांडा) आणि चाकाची जवळीक जुळवणारे छोटे स्क्रू असतात, ते एकावेळी पाव फेरा फिरवून पूर्ण गोल फेरीत तपासा, एखाद्या जागी अडकलं तर परत सैल करा, जास्त घट्ट केलं तर मोटर जळते. जुनं चिकट काळं ग्रीस दिसलं तर काढून पांढरं लिथियम ग्रीस, पण पातळ.

आता वायरी. गो-टू माउंट (हँडसेटवर सांगितलेल्या ताऱ्याकडे स्वतः वळणारं) अर्ध्यावर रीसेट होतंय किंवा हँडसेटवर नो रिस्पॉन्स येतंय तर लगेच बोर्ड गेला म्हणून रडू नका. मोटर फिरत असताना प्लगपाशी मल्टीमीटर लावा, ११ व्होल्टच्या खाली जात असेल तर दोष बॅटरीचा किंवा बारीक लांब वायरीचा. यूपीएसची ७ एएचची बॅटरी माउंटला पुरते पण त्याच बॅटरीवर दवाची हीटर पट्टी लावलीत तर ती मध्यरात्रीआधी मान टाकते, हीटरला वेगळी घ्या. व्होल्टेज बरोबर असेल तर हँडसेटच्या केबलच्या पिना बघा, हिरवट दिसल्या तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दोनचारदा काढघाल करा, बऱ्याचदा तेवढ्यानेच चालू होतं. नवीन अॅडॉप्टर लावताना प्लगची मधली पिन पॉझिटिव्ह आहे का हे आधी तपासा, उलटं लागलं तर बोर्ड खरंच जातो.

आणि सगळं चालतंय पण गो-टू शनीऐवजी भलतीकडेच जातंय तर आकडे बघा. टाइम झोन +५:३० हवा, कोणी +५ टाकून पुढे जातो, अर्धा तास म्हणजे आकाशात साडेसात अंश. तारीख बहुतेक हँडसेटमध्ये महिना आधी असते, म्हणजे ५ डिसेंबर टाकायला जाल आणि १२ मे होईल. पणजीला ७३ अंश ५० मिनिटं पूर्व, १५ अंश ३० मिनिटं उत्तर, आणि पूर्वच्या जागी पश्चिम राहिलं नाही ना तेही बघा.

आता खरी डोकेदुखी, ध्रुव. इक्वेटोरियल माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असेल तरच ते ताऱ्यांबरोबर नीट फिरतं. आपल्याकडे तो क्षितिजापासून फक्त साडेपंधरा अंश वर, म्हणजे माड, शेजाऱ्याचं पत्र्याचं छप्पर, नाहीतर धुरकट, काहीतरी असतंच. शिवाय इक्वेटोरियल माउंट इतकं खाली झुकवलं की काउंटरवेटचा दांडा उत्तरेकडच्या पायावर आपटतो. ज्या माउंटची दिशेची खुंटी दुसऱ्या जागी बसवता येते तिथे ट्रायपॉड फिरवून एक पाय दक्षिणेला आणि दोन उत्तरेला करा, दांड्याला जागा होते आणि वजन उत्तरेला जातं तेही दोन पाय पेलतात. अक्षांशाचा बोल्ट वजन चढवलेलं असताना फिरवू नका, नळी आणि वजनं उतरवा, नाहीतर बोल्ट वाकतो.

ध्रुव दिसतच नसेल तर गच्चीवर उत्तर रेषा दिवसाच आखून ठेवा. ओळंबा टांगायचा आणि सूर्य मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो त्या क्षणी दोरीची सावली खुणावायची. ही वेळ बाराची नाही, आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७३.८ वर, म्हणून साधारण पस्तीस मिनिटं उशीर, त्यात तारखेप्रमाणे फरक, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या जरा पुढे तर फेब्रुवारीत पाऊण वाजून जातो. नेमकी वेळ कुठल्याही आकाशाच्या अॅपमध्ये सूर्यावर टॅप केलं की मिळते. हे हिवाळ्यात करा, मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दहाबारा तारखेपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. ऑइल पेंटने रेषा मारून ठेवली की दर वेळी माउंट तिच्यावर ठेवायचं, उंची मोबाइलच्या अँगल मीटरने साडेपंधरा.

नुसतं बघायला एवढं पुष्कळ. फोटो काढायचे तर ड्रिफ्ट, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष जुळवणं. मृगाच्या पट्ट्यातला मिंटाका जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहे, तो मध्यमंडलाजवळ असताना जास्त पॉवरच्या क्रॉसहेअर (आत फुलीच्या रेघा असलेल्या) आयपीसमध्ये धरा आणि डेकला हात न लावता बघत राहा. दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेला जास्त गेलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग उंचीसाठी पुस्तकं पूर्वेचा तारा घ्या म्हणतात, आपल्याला किनाऱ्यावर पश्चिम मोकळी मिळते, तिथला तारा घेतला तर दक्षिणेकडे सरकणं म्हणजे अक्ष जास्त वर, उत्तरेकडे म्हणजे जास्त खाली. पूर्वेच्या ताऱ्याला याच्या बरोबर उलटं, हे विसरलात तर रात्रभर बोल्ट फिरवत बसाल.

कॉलिमेशन थोडक्यात. न्यूटोनियनला आधी दुय्यम आरसा, मग मुख्य. लेझर वापरत असाल तर तो फोकसरमध्ये गोल फिरवून बघा, ठिपका वर्तुळ काढत फिरला तर लेझरच वाकडा आहे आणि तुम्ही त्याच्या नादाने चांगला आरसा बिघडवणार, त्यापेक्षा साधा चेशायर (डोळ्याने बघून जुळवायची नळी) बरा. शेवटची परीक्षा ताऱ्यावरच, आणि तो डोक्यावरचा हवा, खालचा ध्रुव हवेत इतका नाचतो की काही कळत नाही. रोहिणी गोव्यात जवळजवळ बरोबर माथ्यावरून जाते. ती मध्यावर आणून थोडं डिफोकस करा, वर्तुळं एकात एक मधोमध दिसली की झालं, एका बाजूला कललेली दिसली तर मुख्य आरशाचा एकेक स्क्रू हळूहळू फिरवा आणि प्रत्येक वेळी तारा परत मध्यावर आणा. डॉब (लाकडी खोक्यावर फिरणारी न्यूटोनियन) असेल तर माथ्यावर डावीउजवीकडे फिरवताना ती अडते, तेव्हा माथ्यापासून थोडी सरकल्यावर करा, आणि तरीही ती गरागरा न फिरता चिकटत असेल तर तळाचा पार्टिकल बोर्ड पावसाळ्यात फुगलाय का बघा, कडा उघड्या असतील तर पुढच्या मे महिन्यात त्यांना पीयू वार्निशचे दोन हात मारून घ्या.