मोठ्या शहरातली म्युझियम्स आणि तिथला वार्षिक उत्सव, एकाच ट्रिपमध्ये दोन्ही नीट कसं बघायचं

बरेच जण ट्रिप ठरवताना आधी स्वस्त विमान कुठल्या तारखेला आहे ते बघतात, मग हॉटेल, आणि तिथे पोचल्यावर कळतं की शहराचा सगळ्यात मोठा उत्सव मागच्याच आठवड्यात संपला आणि ज्या म्युझियमसाठी एवढं लांब आलो ते आज बंद. क्रम उलटा केला की हे टळतं. आधी उत्सवाची तारीख, मग म्युझियमच्या सुट्टीचा वार, मग तिकिटं, आणि विमान-हॉटेल त्यानंतर. म्युझियम वर्षभर जागेवर असतं, उत्सव एकदा हुकला की सरळ पुढच्या वर्षी, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

पायरी १: उत्सवाची तारीख कशी ठरते ते आधी समजून घ्या

नुसती यंदाची तारीख शोधून भागत नाही, ती कशावरून ठरते ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. काही उत्सव तारखेला पक्के असतात, जसं स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा फायास, मुख्य दिवस १५ ते १९ मार्च, वार कुठलाही येवो. क्योटोचा गिऑन मात्सुरी अख्खा जुलै चालतो पण रथांच्या मोठ्या मिरवणुका १७ आणि २४ जुलैलाच. लंडनचा नॉटिंग हिल कार्निव्हल वारावर चालतो, ऑगस्टमधला शेवटचा सोमवार आणि त्याच्या आदला रविवार. आणि रिओचा कार्निव्हल ईस्टरवर अवलंबून, त्यामुळे कधी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तर कधी मार्चमध्ये, तिथीप्रमाणे सण मागेपुढे होतो हे आपल्याला काही नवीन नाही, तसंच ते.

काही गोष्टी तर दरवर्षी नसतातच. व्हेनिसचं बिएनाले हे मोठं प्रदर्शन १८९५ पासून चालू आहे, आता सम वर्षी कलेचं आणि विषम वर्षी वास्तुकलेचं असतं, म्हणजे चित्रं-शिल्पं बघायच्या आशेने चुकीच्या वर्षी गेलात तर वेगळंच प्रदर्शन समोर येईल. फिल्म फेस्टिव्हल असेल तर आपल्याला आत सोडतात का तेही बघा, बर्लिनच्या फेस्टिव्हलची तिकिटं सामान्य प्रेक्षकांना मिळतात पण कानचा फेस्टिव्हल मुख्यतः सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांसाठी आहे.

पायरी २: मुख्य दिवसाच्या आधीचे-नंतरचे दिवस बघा

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. मुख्य दिवशी गर्दी इतकी असते की समोरच्याच्या डोक्यापलीकडे काही दिसत नाही, पण आदले दिवस निवांत आणि जास्त जवळचे असतात.

गिऑन मात्सुरीचंच बघा. मिरवणुकीच्या आधीच्या तीन संध्याकाळी रथ रस्त्यावर उभे असतात, कंदील लागलेले, काही रथांवर चढूनही बघता येतं, आणि जुन्या घरांमधले लोक आपल्याकडचे खानदानी, रंगवलेले घडीचे पडदे बाहेरून दिसतील असे मांडून ठेवतात. रथांवर जी कापडं लावलेली असतात त्यात सोळाव्या शतकात बेल्जियमच्या भागात विणलेले पडदेसुद्धा आहेत, जपानमध्ये या रथांना चालतं-फिरतं म्युझियमच म्हणतात. या उत्सवाची सुरुवात ८६९ सालच्या रोगराईच्या वेळी झाली असं मानतात, साथ शमावी म्हणून. मिरवणूक चुकली तरी चालेल पण त्या संध्याकाळी चुकवू नका असं मी म्हणेन.

रिओमध्ये सांबा स्कूल्स म्हणजे मिरवणुकीत उतरणारे वस्त्यावस्त्यांतले नाचगाण्याचे गट. त्यांच्या स्पर्धेआधीच्या आठवड्यांत सांबाड्रोममध्येच, म्हणजे मिरवणुकीसाठी बांधलेल्या, दोन्ही बाजूंना बसायची सोय असलेल्या रस्त्यावरच, सराव होतो आणि तो फुकट बघता येतो. हा सांबाड्रोम ऑस्कर निमायर यांनी डिझाइन केलेला, १९८४ चा. आणि कार्निव्हल संपल्यावरच्या शनिवारी वरच्या नंबरच्या स्कूल्सची पुन्हा एकदा मिरवणूक असते, म्हणजे मुख्य रात्रीची तिकिटं परवडत नसतील किंवा संपली असतील तरी हातात दोन चांगले पर्याय आहेत. नॉटिंग हिलला रविवार हा कुटुंबांचा दिवस, लहान मुलं बरोबर असतील तर तोच निवडा, सोमवारी गर्दी आणि आवाज दोन्ही जास्त.

पायरी ३: उत्सवाशी जोडलेलं म्युझियम शोधा आणि ते उत्सवाच्या आधी बघा

प्रत्येक मोठ्या उत्सवाच्या मागे कुठेतरी त्याचं सामान, मुखवटे, कपडे, फोटो जपणारी जागा असते. ती बहुतेक वेळा छोटी असते, टॉप टेनच्या यादीत नसते, पण ती आधी बघितली की रस्त्यावर जे चाललंय ते कळायला लागतं.

सगळ्यात सुंदर उदाहरण व्हॅलेन्सियाचं. फायासमध्ये शहरभर प्रचंड पुतळे उभे करतात, राजकारणावर, समाजावर टीका करणारे, रंगीत, कित्येक मजले उंच, आणि १९ मार्चच्या रात्री ते सगळे जाळून टाकतात. पण लोक मतदान करून त्यातल्या काही मूर्तींना माफी देतात, त्या जळत नाहीत, त्या फायास म्युझियममध्ये जातात. ही माफीची पद्धत १९३४ पासून आहे, त्यामुळे त्या म्युझियममध्ये एकेक दालन फिरताना लोकांना त्या त्या काळात काय आवडत होतं ते दिसत जातं. हे आधी बघा, आणि शक्य असेल तर मतदान जिथे होतं ते पुतळ्यांचं प्रदर्शनही बघा, ते जळण्याच्या रात्रीआधी भरलेलं असतं. मग त्या रात्री आग बघताना काय जातंय ते तुम्हाला माहीत असेल. आणि १ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता मुख्य चौकात फटाक्यांचा आवाजी कार्यक्रम असतो, तो बघण्यापेक्षा ऐकण्याचा आणि छातीत जाणवण्याचा प्रकार आहे, तान्ह्या बाळांना नेऊ नका.

पायरी ४: म्युझियमच्या सुट्टीचे वार एका कागदावर मांडा

सोमवारी बंद हा जगभरातला सर्वात कॉमन नियम, पण सगळे पाळत नाहीत. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद आणि ऑर्से सोमवारी बंद. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन बुधवारी बंद. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी. टोकियोचं नॅशनल म्युझियम सोमवारी बंद पण सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ते उघडं ठेवतात आणि मंगळवारी बंद ठेवतात, जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी हेच. उलट ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम वर्षाचे ३६५ दिवस चालू, असं एखादं म्युझियम अडल्या दिवसासाठी राखून ठेवायचं.

त्याच कागदावर उशिरापर्यंत उघडं कधी असतं तेही लिहा. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत, ऑर्से गुरुवारी. संध्याकाळी टूर ग्रुप निघून गेलेले असतात, दालनं मोकळी होतात. फुकट वेळांचं मात्र तारतम्याने घ्या, माद्रिदचं प्रादो रोज शेवटचे दोन तास फुकट असतं आणि व्हॅटिकनची म्युझियम्स महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पण दोन्हीकडे रांग मोठी असते आणि ज्याला एकदाच यायचंय त्याने तिकीट काढून शांतपणे बघावं हे बरं.

उत्सवाच्या दिवसांत हे वेळापत्रक बदलतं बरं का. कुठे सुट्टी म्हणून म्युझियम बंद, तर कुठे उलट, बार्सिलोनात २४ सप्टेंबरला ला मेर्से हा शहराचा उत्सव असतो तेव्हा बरीच म्युझियम्स सगळ्यांना फुकट. आणि दुरुस्तीचं काम चालू आहे का तेही तपासा. बर्लिनचं पर्गामॉन म्युझियम ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण बंद केलं, पॅरिसचं पाँपिदू सेंटर २०२५ पासून काही वर्षांसाठी बंद आहे, आणि जुनी गाइडबुकं अजून त्यांना यादीत वरच ठेवतात.

पायरी ५: ज्यांची तिकिटं आधी संपतात ती आधी काढा

सगळ्यांचीच घाई नसते. ब्रिटिश म्युझियमसारख्या ठिकाणी कायमचा संग्रह फुकटच बघता येतो. पण ॲमस्टरडॅमचं ॲन फ्रँकचं घर म्हणाल तर तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवडे पुढच्या दिवसांची निघतात आणि पटापट जातात. मिलानमधलं लिओनार्दोचं शेवटचं भोजन हे भित्तिचित्र बघायला छोट्या गटाला पंधरा मिनिटं मिळतात, तेही आधी बुकिंग असेल तरच. तिकीट नेहमी म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीच्या साइट्स बऱ्याचदा जास्त पैसे लावतात.

पायरी ६: आत गेल्यावर कमी बघा

लूव्रमध्ये साधारण ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत. एकेकीला दहा सेकंद दिले तरी ९७ तास लागतील, न थांबता. तेव्हा सगळं बघायचा हट्ट सोडा. घरूनच साइटवर बघून पाच-सहा गोष्टी निवडा, त्यांचे दालन नंबर लिहून घ्या, आणि त्यांच्या वाटेवर जे लागेल ते बोनस.

पाय आणि डोकं दोन्ही दमतं हे खरंच होतं. १९१६ साली बोस्टनच्या फाइन आर्ट्स म्युझियममधल्या बेंजामिन गिलमन यांनी एका माणसाला वाकून-वाकून खालच्या पाट्या वाचायला लावून त्याचे फोटो काढले आणि हा थकवा मांडणीमुळे कसा येतो ते दाखवलं. त्यामुळे दीड-दोन तासांनी बाहेर पडा किंवा निदान बसा, बाक कशासाठी ठेवलेत. उघडल्या उघडल्या आत गेलात तर सगळे सर्वात प्रसिद्ध वस्तूकडे धावतात, तुम्ही सर्वात लांबच्या दालनापासून सुरुवात करा. मोनालिसा फक्त ७७ बाय ५३ सेंटीमीटरची आहे, तिच्यासमोर गर्दीत अर्धा तास उभं राहण्यापेक्षा शेजारच्या मोठ्या दालनात तोच वेळ दिलात तर जास्त काही मिळेल, हे माझं अगदी ठाम मत आहे. मोठी बॅग क्लोकरूममध्ये ठेवा, आणि लक्षात असू द्या की बंद व्हायच्या बऱ्याच आधी आत सोडणं थांबवतात आणि दालनं रिकामी करायला लागतात.

पायरी ७: उत्सवाच्या दिवशी

राहण्याची जागा मुख्य रस्त्यावर नको, आवाज आणि बंद रस्ते दोन्हीचा त्रास, पण चालत जाता येईल इतकी जवळ हवी. कारण जवळची मेट्रो स्टेशनं बंद असतात किंवा फक्त बाहेर पडायला चालू ठेवतात, नॉटिंग हिलला दरवर्षी असंच असतं. एडिनबर्गला ऑगस्टमध्ये जायचं असेल तर राहायचं काही महिने आधीच ठरवा, १९४७ मध्ये आठ नाटक मंडळ्या न बोलावता आल्या आणि त्यातून जो फ्रिंज नावाचा नाट्यमहोत्सव सुरू झाला तो आता अख्खं शहर भरून टाकतो.

बरोबरच्या सगळ्यांना हरवलो तर भेटायची जागा आधी सांगून ठेवा, गर्दीत मोबाइलला नेटवर्क मिळेलच असं नाही. पत्ता कागदावर लिहून खिशात. पाणी, बंद बूट, टॉयलेट कुठे आहेत ते आधी नकाशावर. त्या दिवशी म्युझियम ठेवूच नका, दुसऱ्या दिवशी सकाळीही नको, दुपारनंतर एखादं छोटंसं चालेल.

आणि उत्सवाची तारीख काही केल्या जमत नसेल तर म्युझियमचेच उत्सव आहेत. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून पाळतात, त्याच्या आसपासच्या शनिवारी युरोपात कितीतरी म्युझियम्स रात्री उघडी असतात. बर्लिनमध्ये म्युझियमची लांब रात्र १९९७ मध्ये सुरू झाली, एका तिकिटात खूप ठिकाणी जाता येतं, पण तीनच निवडा आणि तीही एकमेकांजवळची, नाहीतर रात्र प्रवासातच जाते. फ्रान्समध्ये सप्टेंबरच्या तिसऱ्या वीकेंडला वारसा दिन असतात, १९८४ पासून, त्यात एरवी बंद असलेल्या सरकारी वास्तूसुद्धा लोकांना खुल्या करतात, पण काही ठिकाणी आधी नाव नोंदवावं लागतं, ते ट्रिपच्या आधी काही आठवडे बघून ठेवा.