गोव्यातला राजवाडा बघायला निघताय? या चुका टाळा

जुन्या गोव्यात सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात, सहा पायऱ्यांच्या चौथऱ्यावर काळ्या बसाल्टची एक चौकट उभी आहे. दोन खांब, वर आडवी तुळई आणि दोन्ही बाजूंना दगडी जाळीचे उरलेसुरले तुकडे. दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून आलेल्या माझ्या मावशीला मी तिथे घेऊन गेलो. तिने चौकटीतून पलीकडे पाहिलं, तर नुसती झाडं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अरे, दार झालं बघून. वाडा कुठाय?"

वाडा नाही. आदिलशहाच्या वाड्याचं तेवढंच उरलं आहे. १५१० मध्ये अल्बुकर्कने शहर जिंकल्यावर पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय याच वाड्यात राहू लागले. नंतर रोगराईने शहर ओस पडलं, कारभार हलला आणि १९व्या शतकात वाडा पाडून त्याचे दगड पणजीच्या बांधकामांना नेले. मावशीच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरचा न्यू पॅलेस होता आणि मी तिला घरून निघताना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. चूक माझीच. हे सगळं ऐकल्यावर तीच पुन्हा पायऱ्या चढली आणि जाळीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. सुलतानाच्या वाड्याच्या दारावर देवळासारखं कोरीवकाम कसं, हा प्रश्नही तिलाच पडला. मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. उत्तर सोपं आहे: धनी कुणीही असो, दगड घडवणारे हात इथलेच होते.

तेव्हा पहिली चूक हीच, 'राजवाडा' म्हटलं की दरबार, झुंबरं आणि सिंहासन डोळ्यांसमोर आणून निघायचं. गोव्यावर कदंबांपासून पोर्तुगिजांपर्यंत अनेकांनी राज्य केलं आणि त्यांच्या वाड्यांची गत वेगवेगळी झाली. एकाची चौकट उरली, एकाचं सरकारी कचेरीत रूपांतर झालं, एक मातीखाली गेला. म्हणून कुठल्याही वाड्याचं ठरवताना मी आधी एकच चौकशी करतो: आज तो कुणाच्या ताब्यात आहे? सरकारच्या, पुरातत्त्व खात्याच्या, की एखाद्या कुटुंबाच्या? वेळ, परवानगी, पैसे, फोटो, सगळं त्यावरून ठरतं.

पणजीचं उदाहरण घ्या. मांडवीकाठचा आदिलशाही वाडा पाहुण्यांना नकाशावर पटकन सापडतो, पण रस्त्यात कुणाला विचाराल तर 'जुनं सचिवालय' म्हणा, लगेच वाट दाखवतील. युसूफ आदिलशहाने १५०० च्या सुमारास तो बांधला. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला आले तेव्हा याच वाड्यात राहायला लागले आणि १९१८ मध्ये त्यांचं निवासस्थान पणजीजवळच्या काबो भूशिरावर गेलं. गोवा मुक्त झाल्यावर इथे विधानसभा भरायची, ती २००० मध्ये पर्वरीला गेली. वास्तूत इतक्यांदा फेरफार झाले आहेत की आत आदिलशाही कमानी आणि घुमट शोधायला जाल तर निराश व्हाल. उतरती कौलं, लाकडी सज्जे, लांबच लांब दालनं असं तिचं आजचं रूप आहे. तिथे प्रदर्शनं भरतात, त्यामुळे आत काय आणि किती बघायला मिळेल हे त्या त्या दिवसावर असतं. आदल्या दिवशी चौकशी करा. सरकारी सुट्टी धरून बेत आखू नका. दार बंद असेल तरी लगेच पाठ फिरवू नका. शेजारीच आबे फारियांचा पुतळा आहे, समोर झोपलेल्या बाईवर हात पसरून उभे असलेले. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो १९४५ मध्ये घडवला. संमोहनावर मूलभूत विचार करणारा हा गोंयकार होता, हे मुलांना तिथे उभं राहूनच सांगावं.

चांदरला जाताना मात्र जास्त लोक चुकतात, आणि त्यात मीही आलो.

ब्रागांझा हे पोर्तुगालच्या शेवटच्या राजघराण्याचं नाव. त्यामुळे चांदरच्या मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्याला अनेकजण पोर्तुगीज राजवाडाच समजतात. तो राजवाडा नाही, इथल्या बड्या भाटकारांचं, म्हणजे जमीनदारांचं, घर आहे, आणि आजही ते घरच आहे. पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) या घराण्यातले. पोर्तुगीज सत्तेवर त्यांनी पोर्तुगीज भाषेतच लेखणी चालवली. खिडक्यांची लांबलचक रांग रस्त्यावरून एकसंध दिसते, पण वाड्याचे दोन भाग आहेत, दोन शाखांचे. एक भाग पाहून 'झालं' म्हणत गाडीत बसू नका. आणि एका भागात दिलेले पैसे दुसऱ्यातही चालतील असं धरून चालू नका. सुटे पैसे जवळ ठेवा. मोबाइल बाहेर काढण्याआधी विचारा.

माझी चूक वेळेची. भावाच्या कुटुंबाला घेऊन मी तिथे दुपारी सव्वाला पोचलो. गोव्यात एक ते साडेतीन-चार ही जेवणाची आणि आडवं व्हायची वेळ, हे फोंड्यात जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. तरीही मी दार वाजवलं. आतून आलेल्या म्हाताऱ्या बाईंनी शांतपणे नंतर यायला सांगितलं. त्यांच्या हाताला भाताचं शीत लागलेलं होतं. जेवत्या ताटावरून कुणाला उठवणं म्हणजे काय हे आपल्या घरात आपल्याला चांगलं कळतं, मग दुसऱ्याच्या घरी ते विसरायचं कसं? तेव्हापासून मी अशा घरी सकाळी दहा-साडेदहालाच जातो, आणि आधी फोन करून.

त्या दिवशी हाताशी वेळ होता म्हणून आम्ही चांदरमधल्याच कोट नावाच्या भागात गेलो, आणि खरा राजवाडा म्हणाल तर तो इथे होता. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. ११व्या शतकात ती झुआरीकाठी गोपकपट्टणला गेली. १९२९ मध्ये इतिहास संशोधक फादर हेरास यांनी इथे खणून विटांच्या देवळाचा पाया उघडा केला. आज घरांच्या मधोमध कुंपण घातलेला जमिनीचा तुकडा आहे आणि त्यात मस्तक नसलेला नंदी बसून आहे. ना तिकीट, ना दुकान. गाडीतून न उतरताच परत फिरणारे मी पाहिले आहेत. उतरा. माझ्या पुतणीने त्या नंदीच्या गळ्यातली दगडी माळ बोटाने मोजायला घेतली आणि तिला तिथून हलवणं कठीण झालं. गोव्यात रोज ज्या 'कदंब' बसने आपण फिरतो तिचं नाव कुठून आलं, हे तिला तिथेच कळलं.

पेडण्याला देशप्रभूंचा वाडा आहे. पोर्तुगीज राजाने या घराण्याला व्हिस्कोंदीचा, म्हणजे सरदारकीचा, किताब दिला होता. वाडा चौकांमागून चौक असा पसरलेला आहे, पण तेही राहतं घर आहे. ओळखीतून किंवा आधी विचारूनच जावं, आणि चतुर्थीच्या दिवसांत तर जाऊच नये. केप्याला कुशावतीच्या काठी 'डीनचा पॅलेस' आहे. नावात पॅलेस असला तरी ते १८व्या शतकात एका धर्मगुरूने बांधलेलं घर. तिथेही आधी कळवून गेलेलं बरं.

एकाच दिवसात सगळं उरकायचा हट्ट नको. पेडणे एका टोकाला, केपे दुसऱ्या. जुनं गोवें आणि पणजी यांत दहाएक किलोमीटरचं अंतर, ती जोडी एका दिवसात जमते. चांदर आणि केपे दोन्ही मडगावच्या बाजूला, त्यांची दुसरी जोडी. ३ डिसेंबरला, सेंट झेवियरच्या फेस्ताला, जुन्या गोव्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. त्या चौकटीपाशी निवांत उभं राहायचं असेल तर तो आठवडा सोडा. रविवारी सकाळी मिसा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असतो, तेव्हा चर्चच्या आवारात आवाज खाली ठेवा. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तळव्याला पकड असलेली चप्पल घालायला लावा.

आणि एवढं सगळं वाचूनही मनात दरबार हॉलच असेल, तर गोव्यातच अडून बसू नका. पत्रादेवीवरून बांद्याला आणि तिथून सावंतवाडीला जा. मोती तलावाकाठी तिसऱ्या खेमसावंतांच्या काळात उभा राहिलेला राजवाडा आहे. तिथे कारागीर बसून गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, दशावतारी संचात एकशेवीस. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी लक्ष घातलं नसतं तर ही कला संपली असती. तिथेही दुपारची सुट्टी असते, तेव्हा सकाळी लवकर निघा. पुढच्या खेपेला मावशीला मी तिथेच नेणार आहे. पण वाटेत जुन्या गोव्याच्या चौकटीपाशी पाच मिनिटं थांबायचं, असं तिने आधीच बजावून ठेवलंय.