तूं खंयचें? : गोव्यात पहिली नोकरी शोधताना

माझ्या पहिल्या मुलाखतीत टेबलापलीकडच्या साहेबांनी फाइल उघडायच्या आधीच विचारलं, "तूं खंयचें?" म्हणजे तू कुठली. मी माझ्या उत्तर गोव्यातल्या गावाचं नाव सांगितलं, साखळी. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तसं का पाहिलं, ते कळायला मला दोन महिने लागले.

2013 ची गोष्ट. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. आदल्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या होत्या आणि बाबांचा टिपर अंगणात उभा होता, चाकांभोवती गवत वाढलेलं. घरात पगार येणं गरजेचं होतं. दक्षिण गोव्यात, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टोअरच्या नोंदी ठेवायचं काम मिळालं तेव्हा आईने देवाकडे नारळ ठेवला.

साखळीहून पणजी, तिथून मडगावची बस, वेर्ण्याला उतरलं की पठारावर आत जायला पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, नाहीतर पायपीट. झुआरीचा नवा पूल 2022 च्या डिसेंबरात खुला झाला. तेव्हा एकच जुना पूल होता, त्यावर एखादा ट्रक बंद पडला की सगळं जिथल्या तिथे. तरी सकाळचं जमत होतं. मला जनरल शिफ्ट सांगून घेतलं होतं, पण तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या पाळीत टाकलं. रात्री कंपनीची गाडी पणजीपर्यंत सोडायची, पुढे साखळीची शेवटची बस कधीच गेलेली असायची. मग पणजीजवळच्या सांताक्रुझला मावशीकडे. मावशी एका शब्दाने बोलली नाही, पण ओट्यावर माझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट दिसलं की मी ओशाळायचे. दोन महिन्यांनी राजीनामा दिला. काम मला येत होतं, त्यांना माणूस हवा होता, आणि तरीही मोडलं.

आता कुंडईच्या एका कारखान्यात भरतीचं काम मीच बघते. सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला कारण विचारून वहीत लिहून ठेवते. पहिल्या महिन्यात गेलेल्यांची पानं उलटली की तेच ते दिसतं: बस चुकते, रात्री घरी जाता येत नाही, भाड्याच्या खोलीत पगार संपतो. "काम जमत नाही" क्वचितच.

अर्थशास्त्रात या कोड्यावर पुष्कळ काम झालेलं आहे. जागा रिकाम्या, माणसंही रिकामी, मग दोघांची गाठ का पडत नाही, या अभ्यासासाठी 2010 चं नोबेल डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडेस यांना मिळालं. एकमेकांना शोधायलाच वेळ आणि पैसा लागतो, हे त्यांच्या मांडणीचं मूळ. त्याच्या खूप आधी, 1968 मध्ये, जॉन केन यांनी डेट्रॉईट आणि शिकागोबद्दल दाखवलं होतं की कृष्णवर्णीयांना ठराविक वस्त्यांबाहेर घरं मिळत नव्हती आणि नोकऱ्या उपनगरांकडे सरकत होत्या, त्यामुळे कामं त्यांच्या हाताबाहेर जात होती. आपल्याकडची कारणं वेगळी, पण अंतराचा जाच ओळखीचा. नोकरीच्या हिशेबात अख्खा गोवा हे एकच पसरलेलं शहर आहे: राहायचं वाळपई, साखळी, पेडण्याला आणि काम वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कुंकळ्ळीला.

म्हणून नव्याने शोधणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असं की अर्ज करण्याआधी कागदावर आपल्या घरापासूनची बसची वाट काढा. मी दुसऱ्यांदा शोधायला लागले तेव्हा साखळी, आमोणा, माशेल, बाणस्तारी ही एकच वाट धरली आणि बाणस्तारीहून फोंड्याच्या बसने जिथे पोचता येईल तिथेच अर्ज केले. रुजू होण्याआधी एकदा त्या पाळीच्या वेळेला खरोखर जाऊन या, आणि सुटायच्या वेळेला परत या. जाण्यापेक्षा परत येणं कठीण असतं.

कुंडईची जागा मला कळली माशेलच्या बसमध्ये. रोज शेजारी बसणाऱ्या एका बाईने, जिचं नावही मला तेव्हा माहीत नव्हतं, सांगितलं की त्यांच्या ऑफिसातली मुलगी लग्न करून जाते आहे. 1973 मध्ये समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांनी हेच मांडलं होतं: जवळच्यांना जे ठाऊक ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं, नवी बातमी आणतात ती तोंडओळखीची माणसं. तेव्हा आपण काम शोधतो आहोत हे लपवू नका. आपल्याकडे मुली फार लपवतात, याचं मला वाईट वाटतं.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं, म्हणजे सरकारी रोजगार नोंदणी कार्यालयाचं, कार्ड मात्र काढाच. सरकारी जाहिरातींत ते मागतात, 15 वर्षांच्या रहिवासी दाखल्यासोबत, आणि कोकणी येणं आवश्यक असतं. पण कार्डावर विसंबून घरी बसू नका. 25 किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी जागा एक्स्चेंजला कळवायच्या, असं 1959 च्या कायद्याने ठरवलं, पण भरती तिथूनच करा असं बंधन त्यात नव्हतं. हॉटेलात जायचं असेल तर पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, तेव्हा चतुर्थीच्या आसपासच विचारायला लागा.

मुलाखतीला गेलात की तीन गोष्टी तोंड उघडून विचारा: पाळ्या बदलतात का, कंपनीची गाडी कुठून कुठपर्यंत, आणि मी कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या. ठेकेदाराच्या असाल तर पीएफचा यूएएन नंबर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, पहिल्या पगारालाच मागून घ्या. नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

गेल्या आठवड्यात वाळपईची एक मुलगी आली होती. बीएस्सी केमिस्ट्री, मार्क चांगले. शेवटी मी विचारलं, काही विचारायचं आहे का? ती लाजत म्हणाली, "मॅडम, रात्रीची गाडी उसगावपर्यंत येते की फोंड्यालाच सोडते?" फोंड्यालाच सोडायची. मी ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन लावला. सोमवारपासून गाडी उसगाव तिस्कापर्यंत जाते, आणि फाटकावरच्या जाहिरातीत पगाराच्या ओळीखाली आता थांब्यांची नावंही लिहिली आहेत.